पावणेपाचच्या गाडीतला उत्तरार्ध

२०१८ च्या फेब्रुवारीत, एका शुक्रवारी दुपारी चार वाजून पस्तीस मिनिटांनी, डहाणू रोड स्टेशनजवळच्या चित्रपटगृहात मास्तर मध्यंतरानंतर आपल्या खुर्चीवर परत येऊन बसले. त्या वेळी आत त्यांच्या ओळखीची एकोणीस माणसं होती. त्यांतल्या काहींनी टाळ्या वाजवल्या. डोअरकीपर बॅटरी घेऊन खुर्चीपर्यंत आला आणि वाकून म्हणाला, "मास्तर, बरं वाटत नाय काय?"

"बरं आहे," मास्तर म्हणाले. "बॅटरी बंद कर."

ही बातमी का होती, हे समजायला गाडीचं वेळापत्रक माहीत असावं लागतं.

मास्तर डहाणू–तलासरी मार्गावर कंडक्टर होते. एसटीच्या लाल गाडीत ड्रायव्हर कंडक्टरला मास्तर म्हणतो. त्याचं ऐकून प्रवासीही म्हणू लागले आणि खरं नाव मागे पडलं. त्यांची गाडी दुपारी अडीचला डहाणूला पोहोचायची. परतीची फेरी पावणेपाचला. मधला वेळ विश्रांतीचा. ड्रायव्हर मागच्या लांब सीटवर आडवा व्हायचा आणि मास्तर तीनच्या खेळाला जायचे. मध्यंतर सव्वाचार ते साडेचारच्या दरम्यान व्हायचं. मास्तर उठायचे, बाहेरच्या टपरीवर कटिंग घ्यायचे, सात मिनिटं चालत स्टँडवर यायचे. पावणेपाचला डबल बेल. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी त्या चित्रपटगृहात जवळजवळ दर आठवड्याला चित्रपट पाहिला होता आणि एकही पूर्ण पाहिला नव्हता. त्यांची गाडी त्यांच्यामुळे कधी उशिरा सुटली नाही.

साप्ताहिक सुट्टी होती. त्या दिवशी जाऊन उत्तरार्ध पाहता आला असता. मी तसं विचारलं होतं.

"पाहिला तर गाडीत बोलायचं काय?" ते म्हणाले.

मी २०१४ मध्ये इथं आलो, जिल्हा नवा झाला त्या वर्षी. एका दैनिकाचा बातमीदार होतो. खोली तलासरीला आणि कामाच्या कचेऱ्या डहाणूला, त्यामुळे पावणेपाचची गाडी रोजची झाली. पहिल्या दिवशी मास्तरांनी तिकीट माझ्या हातात ठेवलं आणि विचारलं, "काय करता?"

"पत्रकार आहे."

"मग सांगा, बाप मुलाला घराबाहेर का काढतो?"

"कुठला बाप?"

"आत्ताचा. तीनच्या खेळातला."

मी चित्रपट पाहिला नव्हता. तरी म्हणालो, "रागानं असेल."

टक, असा आवाज आला. मास्तरांच्या हातात तिकिटांना भोक पाडायचा जुना पंच होता. तिकिटं मशिनातून निघू लागल्यापासून त्याचा उपयोग संपला होता. मास्तर तो चर्चेसाठी वापरत. कोणी पुराव्याशिवाय बोललं की पंच वाजे.

"राग म्हणजे कारण नव्हे. राग म्हणजे आवाज," ते म्हणाले. "कारण सांगा." आणि पुढच्या सीटकडे वळले.

पद्धत ठरलेली होती. स्टँड सुटल्यावर तिकिटं फाडून होईपर्यंत गप्प. मग मास्तर मधल्या खांबाला पाठ लावून उभे राहत आणि पूर्वार्ध सांगत. तो वाटेतल्या आशागडच्या आसपास संपे. तिथं ते म्हणत, "मध्यंतर. इथून पुढं आपलं." आणि मग प्रत्येक माणूस कशासाठी काय करतो आहे, त्यावरून शेवट काय व्हायला हवा, याचा वाद तलासरीपर्यंत चाले. शेवटची दहा मिनिटं मास्तर निकाल देत, म्हणजे उत्तरार्ध सांगत. तो त्यांनी पाहिलेला नसे. पण ते तो पाहिल्यासारखा सांगत, संवादांसकट.

बोलणारे नेहमीचे तिघं. एक ड्रायव्हर, जो पाठ करून बसलेला असे आणि ओरडून भाग घेई. दुसऱ्या ताई; डहाणूच्या एका दवाखान्यात त्या नर्स होत्या, सकाळची पाळी संपवून घरी निघालेल्या. तिसरे शेठ. त्यांचं तलासरीला हायवेलगत टायरचं दुकान होतं, घरी गुजराती बोलत, दारात स्वतःची मोटार उभी असे. डहाणूला बँकेच्या कामाला मात्र ते बसनं जात आणि पावणेपाचच्या गाडीनंच परतत.

एका चित्रपटात थोरला भाऊ धाकट्याचं लग्न ऐन साखरपुड्यात मोडतो, आणि तिथं मध्यंतर होतं. त्या दिवशीचं बोलणं मी वहीत उतरवून घेतलं होतं.

"जळतो तो," ड्रायव्हर पुढून म्हणाला. "स्वतःचं झालं नाय ना!"

टक.

"दादा, तुम्ही रस्ता बघा. जळणारा माणूस स्वतःच्या हातानं मांडव घालत नाही. यानं घातलाय. पुढं."

"मिल्कत," शेठ म्हणाले. "लग्न झाला का बायको वाटणी मागणार. एकदम साधी केस हाय."

टक. "कुठली मिळकत? एक शेत दाखवलं का? घर भाड्याचं आहे, शेठ. पहिल्या पाच मिनिटांत घरमालक शिव्या घालून जातो."

"अरे हा. ते मी विसरला."

"तुम्ही ऐकतच नव्हता. पाकीट शोधत होता."

ताई खिडकीकडे बघत होत्या. "थोरला मुलीच्या घरी जातो, तेव्हा पाणी कोण देतं?"

"तीच देते. तांब्या."

"हातात देते का खाली ठेवते?"

मास्तर थांबले. त्यांनी डोळे मिटले. गाडी एका वळणावरून गेली, खांबाला टेकलेले असल्यानं ते हलले नाहीत.

"खाली ठेवते," ते म्हणाले.

"मग झालं. तिच्या मनात नाहीये ते घर. धाकटा प्रेमात आंधळा, त्याला दिसलं नाही. थोरल्याला दिसलं. तो दोघांना वाचवतोय आणि शिव्या स्वतः खातोय."

गाडीत कल्ला झाला. मागच्या सीटवरून कोणीतरी "बरोब्बर!" असं ओरडलं. मास्तरांनी हात वर करून घंटीची दोरी दोनदा ओढली. गाडी आधीच चालू होती.

"आता काय उडवू काय हिला?" ड्रायव्हर म्हणाला.

अभिनयाबद्दल त्यांचं मत प्रवाशांवरून बनलेलं होतं. चित्रपटात बसचा प्रसंग आला की ते नटाच्या चेहऱ्याकडे बघत नसत. "गुडघे बघा," ते सांगत. "चालत्या गाडीत उभ्या माणसाचे गुडघे सैल असतात. ह्याचे ताठ आहेत. ही गाडी उभी आहे, मागचं गाव पळतंय." एका मोठ्या नायकाला त्यांनी याच कारणावरून चार वर्षं नापास ठेवलं होतं. एका नटीबद्दल मात्र ते खांबाचा टेकू सोडून बोलत. तिनं एका चित्रपटात बसमध्ये बसून रडायचं होतं. ती रडली नाही. तिनं तिकिटाची गुंडाळी केली, उलगडली, पुन्हा गुंडाळी केली.

"खरं रडणारा माणूस गाडीत रडत नाही," मास्तर म्हणाले. "तो उतरून रडतो. गाडीत तो तिकीट मऊ करतो."

"दवाखान्यातही तसंच," ताई म्हणाल्या. "तिथं केसपेपर मऊ करतात."

शिफारस ते तोंडी देत नसत. तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेननं लिहून देत: 'जा', 'जाऊ नका', 'आईला घेऊन जा', 'एकटे जा', 'पहिल्या गाण्यानंतर आत शिरा'. कोणाला काय लिहायचं हे माणूस कुठून कुठं जातो आहे यावर ठरे. दवाखान्यातून परतणाऱ्याला ते मरणाचा चित्रपट सुचवत नसत, कितीही चांगला असला तरी. मला चार वर्षांत एकदाच 'एकटे जा' मिळालं. मी गेलो. त्याबद्दल मी त्यांना काही सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

त्यांच्या उत्तरार्धांमुळे २०१५ च्या उन्हाळ्यात एक प्रकार घडला. आशागडच्या पुढच्या एका पाड्यावर समाजमंदिरात टीव्ही आला होता. कोणीतरी डहाणूच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर एक चित्रपट भरून आणला. हा चित्रपट पाड्यावर सर्वांना माहीत होता. मास्तरांनी तो वर्षभरापूर्वी गाडीत सांगितला होता. दुपारी साठसत्तर माणसं जमली. मध्यंतरापर्यंत सर्व ठीक चाललं. त्यानंतर पडद्यावरच्या सावकाराला नायकानं कड्यावरून ढकलून दिलं आणि लोक उठून उभे राहिले. पाड्यावर माहीत असलेल्या चित्रपटात सावकार मरत नव्हता. तो चावडीवर येऊन आपल्या तोंडानं गुन्हा कबूल करत होता, कारण पूर्वार्धात त्याची म्हातारी आई त्याच्या घरचं जेवायचं सोडते.

पेन ड्राइव्ह बदलून घ्यायला दोघं जण दुसऱ्या दिवशी डहाणूला गेले. दुकानदाराला त्यांनी सांगितलं, "यात शेवट दुसऱ्याच पिक्चरचा भरलाय."

चूक कशी झाली ते मी शोधलं. मास्तर 'इथून पुढं आपलं' हे वाक्य आशागडला म्हणत. पाड्यावरचे लोक आशागडच्या बाजारातून गाडीत चढत. ते आत येऊन जागा धरेपर्यंत वाक्य होऊन गेलेलं असे.

मास्तरांना हे गाडीतच कळलं. पाड्यावरचा एक म्हातारा दारात उभा राहून म्हणाला, "मास्तर, आमाला फसवलाव काय?"

"तुम्ही दोन्ही पाहिलेत. कुठला पटला?"

म्हाताऱ्यानं थोडा विचार केला. "तुमचा. आयशीनं जेवण सोडल्यावर कोन कसा खाईल?"

"मग तिकीट घ्या आणि बसा."

पुढच्या वर्षी मोबाइलचं इंटरनेट स्वस्त झालं आणि अडचण वाढली. शेठ रविवारी वापीला जाऊन चित्रपट पूर्ण पाहू लागले, उरलेले फोनवर. सोमवारी त्यांना राहवत नसे. मास्तर निकाल देत असताना शेठ मध्येच म्हणाले, "पण मास्तर, असा नाय होत. ती तर पोलीस निघते."

पंच तीनदा वाजला.

त्या दिवशी नियम झाला. ज्यानं चित्रपट पूर्ण पाहिला असेल तो साक्षीदार. साक्षीदारानं ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसायचं आणि तलासरी येईपर्यंत बोलायचं नाही. शेठनी नियम पाळला. ते पुढं बसत, रुमाल तोंडावर धरत आणि मान हलवत राहत.

"शेठ मान हलवतोय, मास्तर!" ड्रायव्हर ओरडे.

"कशी? उभी की आडवी?"

"नाय, नाय, हे पण सांगायचा नाय!" रुमालातून आवाज येई.

मास्तरांचा आणखी एक नियम होता, तो चित्रपटांशी संबंधित नव्हता. धावत येणाऱ्या माणसासाठी ते गाडी थांबवत. नेहमी. फाट्यावरून दूर शेतात कोणी हात हलवत धावताना दिसलं की एक घंटी पडे, गाडी थांबे, आतले लोक कुरकुर करत, माणूस पोहोचे, मग दोन घंट्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एकाला सोडलं होतं, एवढंच त्यांनी मला सांगितलं. तो कोण होता आणि पुढं काय झालं, हे मी दोन वेळा विचारलं. दोन्ही वेळा ते तिकिटं द्यायला निघून गेले.

२०१७ च्या हिवाळ्यात मुंबईहून एका चित्रपटाचं युनिट तलासरीजवळ आलं. त्यांना बसमधला एक प्रसंग घ्यायचा होता. नटाऐवजी खरा कंडक्टर हवा होता. दिग्दर्शक तिशीचा मुलगा होता. त्यानं एका दुपारी आमच्या गाडीतून प्रवास केला आणि उतरताना मास्तरांना विचारलं. मास्तरांनी आगारातून लेखी परवानगी घेतली आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी गेले. प्रवासी म्हणून आम्हालाच बोलावलं होतं. ताई, शेठ, मी आणि नेहमीचे काही लोक भाड्यानं आणलेल्या एका जुन्या बसमध्ये आपापल्या नेहमीच्या जागी जाऊन बसलो. ड्रायव्हरला त्या दिवशी ड्युटी होती.

प्रसंग असा होता. घरातून पळून निघालेली मुलगी बसमध्ये बसली आहे. तिचा बाप मागून धावत येतो, हाका मारतो. कंडक्टर मागच्या काचेतून त्याला पाहतो आणि डबल बेल देतो. गाडी निघून जाते. मास्तरांना बोलायचं काही नव्हतं.

पहिल्या वेळी बाप झालेला नट धावत आला आणि मास्तरांनी एकदा घंटी दिली. गाडी थांबली. नट बसच्या दारावर आपटला.

"काका, डबल! डबल द्यायची!" दिग्दर्शक ओरडला.

"हो. चुकलं."

दुसऱ्या वेळी पुन्हा एकच घंटी पडली. तिसऱ्या वेळीही. चौथ्या वेळी मास्तरांनी डावा हात दोरीवर ठेवला आणि उजवा पाठीमागे धरला. तरी एकच पडली. बाप झालेला नट साठीचा होता. तो धुळीत खाली बसला.

"काका, प्रॉब्लेम काय आहे?"

"हात ऐकत नाही," मास्तर म्हणाले. "हा कंडक्टर गाडी का थांबवत नाही, ते सांगा."

"कथेत तसंच आहे. तिला पळून जायचंय."

"ते तिचं कारण झालं. याचं काय? याला कुठं माहीत आहे ती पळालीय? याला दिसतोय एक म्हातारा धावताना. ह्याच्या नोकरीत रोज म्हातारे धावतात."

"काका, तुमचा शॉट चार सेकंदांचा आहे."

"चार सेकंदांत माणूस सोडायला चार वर्षांचं कारण लागतं," मास्तर म्हणाले.

दिग्दर्शक छत्रीखाली जाऊन बसला. कॅमेरावाल्यानं घड्याळ पाहिलं. ऊन तासाभरात उतरणार होतं. आणि मग बसमध्ये, त्या बंद उभ्या असलेल्या बसमध्ये, पावणेपाचच्या गाडीसारखा वाद सुरू झाला. शेठ म्हणाले कंडक्टरला उशीर झालाय. टक, पंच मास्तरांनी सोबत आणला होता. कोणी म्हणालं तो बाप दारुडा आहे आणि कंडक्टर त्याला ओळखतो. मास्तर म्हणाले, ओळखत असेल तर तो त्याला आधी चढवेल, मग समज देईल. मुलीचं काम करणारी नटी, वीस-एकवीसची, सीटवर गुडघे टेकून मागे वळून ऐकत होती.

"हिनं तिकीट काढलंय ना?" ताई म्हणाल्या.

"काढलंच असणार."

"कुठलं?"

नटीनं संहितेत पाहिलं. तिथं काही नव्हतं.

"पळून जाणाऱ्या पोरीला गावाचं नाव येत नाही," ताई म्हणाल्या. "दवाखान्यात येतात अशा. पत्ता विचारला की गप्प होतात. हिला विचारलं असणार, 'कुठं?' आणि ही म्हणाली असणार, 'शेवटपर्यंत.' गाडी कुठं जाते ते तिला माहीतच नाही. कंडक्टरला तिथंच कळलं."

मास्तर नटीकडे बघत होते.

"म्हण बघू," ते तिला म्हणाले. "कुठं?"

"शेवटपर्यंत," ती म्हणाली.

मास्तर दारात गेले आणि छत्रीकडे बघून ओरडले, "साहेब! पुरावा मिळाला!"

दिग्दर्शकानं तिकिटाचा तो प्रसंग आधी चित्रित केला. मग बाप धावला. दोन घंट्या पडल्या. पहिल्याच वेळी झालं. युनिटमधल्या लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. शेठनी तर दिग्दर्शकाला मिठी मारली. मास्तर मागच्या काचेजवळ उभे होते. ते म्हणाले, "त्यांना पाणी द्या कुणीतरी. धावलेत."

अडचण नंतर निर्माण झाली. जानेवारीत मास्तरांनी दिग्दर्शकाला फोन केला.

"तुमचा सीन आहे, काका. मध्यंतरानंतर."

"तिकिटाचं वाक्य आहे ना?"

"एडिट चालू आहे. लांबी वाढलीय. बघू."

त्या दिवशी त्यांनी गाडीत पूर्वार्ध सांगितला नाही. ताईंनी विचारल्यावर म्हणाले, "वाक्य गेलं तर काय राहतं? मी. दोन घंट्या. आणि धावणारा म्हातारा. सगळा तालुका बघणार, की मास्तरनं माणूस सोडला."

"पिक्चर आहे तो," मी म्हणालो.

"ह्या गाडीत बसून तुम्ही असं म्हणता?" ते मला म्हणाले.

नंतरचे तीन आठवडे ते तीनच्या खेळाला जात राहिले, पण निकाल देत नव्हते. वाद सुरू होई आणि विझे. ड्रायव्हर म्हणाला, गाडी जड लागते.

चित्रपट फेब्रुवारीत लागला. मास्तरांनी शुक्रवारी दुपारपासून रजा घेतली. पावणेपाचच्या फेरीला दुसरा कंडक्टर दिला गेला. ताईंनी पाळी बदलून घेतली. एकोणीस जणांनी तिकिटं काढली. ड्रायव्हर स्टँडवरच राहिला, त्याची रजा मंजूर झाली नव्हती. "मला उद्या गाडीत सगळं पाहिजे," तो म्हणाला. "गुडघ्यांसकट."

मध्यंतरात मास्तर सवयीनं उठले, कटिंग घेतला, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. चार तेहतीसला ते वळले आणि आत आले.

बसचा प्रसंग उत्तरार्ध सुरू झाल्यावर अठरा-वीस मिनिटांनी आला. मुलगी खिडकीशी. धूळ. बाप धावतो, हाक मारतो, पडतो, उठतो. मास्तरांचा चेहरा. दोरीवर हात. दोन घंट्या. गाडी निघून जाते. तिकिटाचं वाक्य त्यात नव्हतं.

पुढच्या रांगांतून शिट्ट्या आल्या, कोणीतरी ओळखून "मास्तर!" असं ओरडलं. आमच्या रांगेत मास्तर उभे राहिले.

"गेलं वाक्य," ते म्हणाले. "यानं माणूस सोडला."

ताईंनी त्यांच्या शर्टाची बाही धरली. "बसा. संपलेला नाही."

"पुढं काय होणार ते मला ठाऊक आहे."

"सव्वीस वर्षं तुम्हाला ठाऊकच आहे. बसा खाली."

"ओ काका, खाली!" मागून आवाज आला. मास्तर बसले. दाराच्या बाजूची खुर्ची होती. एक पाय त्यांनी बाहेर वाटेत ठेवला होता.

त्यानंतर अर्धा-पाऊण तास चित्रपट चालला. मुलगी एका शहरात पोहोचते, एका शिवणकामाच्या कारखान्यात लागते, वर्ष जातं. शेवटच्या प्रसंगात कारखान्यातली एक बाई तिला विचारते की इतक्या लांब तू आलीस कशी. मुलगी डब्यातून एक तिकीट काढते. तिकीट मऊ झालेलं आहे, त्यावरची अक्षरं उडाली आहेत. आणि पडद्यावर पुन्हा बस येते. मास्तर तिच्यासमोर उभे आहेत, गुडघे सैल.

"कुठं?"

"शेवटपर्यंत."

मास्तर तिच्याकडे बघतात. मग मागच्या काचेकडे. मग हात वर जातो. दोन घंट्या, आणि पडदा काळा होतो. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा जाऊन घड्याळ लावलं: मास्तरांचा चेहरा पडद्यावर अकरा सेकंद आहे.

त्या दिवशी मोजायची स्थिती नव्हती. शेठ खुर्चीवर उभे राहिले होते. आमची सगळी रांग ओरडत होती आणि का, ते बाकीच्या प्रेक्षकांना कळत नव्हतं, तरी तेही ओरडू लागले. ताई रडत होत्या. मास्तरांनी वाटेतला पाय आत घेतला होता. नामावली संपली, दिवे लागले, झाडूवाला आला तरी ते बसून होते.

"शेवटी ठेवलं," ते म्हणाले. "मी आधी ठेवलं असतं. मला सुचलं नसतं हे."

बाहेर टपरीवर शेठ म्हणाले, "आता तुमी पण साक्षीदार! उद्यापासून पुढच्या सीटवर!" मास्तर हसले. त्यांनी सर्वांना कटिंग सांगितला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पावणेपाचची गाडी वेळेवर सुटली. तिच्यात एकेचाळीस प्रवासी होते. चित्रपट पाहिलेले मी धरून सहा. तिकिटं फाडून झाल्यावर मास्तरांनी ड्रायव्हरच्या मागे उभं राहून सांगायला सुरुवात केली. आशागडला मध्यंतर झालं. ते थांबले नाहीत, पाहिलेला उत्तरार्ध सांगत राहिले. वाटेत हात दाखवणाऱ्यांसाठी ड्रायव्हरनं गाडी थांबवली. उतरण्यासाठी कोणी घंटी मागितली नाही आणि मास्तरांनी दिली नाही. गाडी तलासरीला सहा वाजून दहा मिनिटांनी लागली. मधल्या फाट्यांवर उतरायचे सात प्रवासी आत होते. त्यांना परतीच्या गाडीनं सोडण्यात आलं.